वाचक विचारतात: आईचा वकील, बाबांचा वकील, मग माझा कुठाय?

प्रश्न: नमस्कार वकीलताई. माझी धाकटी बहीण आणि तिचे मिस्टर यांची डिव्होर्सची केस पुण्यात शिवाजीनगरच्या फॅमिली कोर्टात चालू आहे. भाची 11 वर्षांची, सध्या आईकडे राहते, पण बाबांनीही कस्टडी मागितलीये. परवा जेवताना ती एकदम म्हणाली, मावशी, आईचा वकील आहे, बाबांचा वकील आहे, मग माझा कुठाय? मला काही बोलताच येईना. तिच्यासाठी वेगळा वकील मीच बघावा असं डोक्यात आहे, फी मी भरेन. असं करता येतं का? आणि जज तिचं ऐकतील का?
– एक मावशी, कोथरूड

उत्तर: मावशी, तुमच्या भाचीने जो प्रश्न विचारलाय तो आमच्यातल्या भल्याभल्यांनाही पडत नाही. सरळ उत्तर द्यायचं तर आपल्या फॅमिली कोर्टात मुलाला आपोआप वकील मिळत नाही. केस आई विरुद्ध बाबा अशी असते, मूल त्यात पार्टीच नसतं, सगळं भांडण त्याच्यावरून चाललेलं असलं तरी. आणि गंमत अशी की 1984 च्या फॅमिली कोर्ट कायद्याच्या कलम 13 प्रमाणे मोठ्यांनाही वकील हा हक्क म्हणून नाहीये, कोर्टाची परवानगी लागते, आता तो अर्ज बहुतेक वेळा मंजूर होतो म्हणून कुणाच्या लक्षात राहत नाही एवढंच.

आता तुम्ही फी भरायचं म्हणताय. मन मोठं आहे तुमचं, पण करू नका. अज्ञान म्हणजे 18 वर्षांखालच्या मुलाला वकीलपत्रावर सही करता येत नाही, नेक्स्ट फ्रेंड म्हणून, म्हणजे मुलाच्या वतीने, कुणीतरी मोठ्याने करावी लागते, आणि ती सही केली आईच्या सख्ख्या बहिणीने, पैसेही तिनेच दिले, तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला उभा राहून म्हणणार की साहेब, हा मुलीचा वकील नाही, आईचाच दुसरा वकील आहे. आणि खरं सांगू, त्याचं चुकणार नाही.

मग करायचं काय, तर त्याच कलम 13 मध्ये पुढे म्हटलंय की न्यायासाठी गरज वाटली तर कोर्ट कायद्याच्या जाणकाराला अमायकस म्हणजे न्यायमित्र म्हणून घेऊ शकतं. बहिणीच्या वकिलांना सांगा की तशा नेमणुकीचा अर्ज द्या, मुलीचं हित स्वतंत्रपणे मांडायला कुणीतरी हवं असं त्यात स्पष्ट लिहा, आणि नाव आपण सुचवू नका, कोर्टालाच ठरवू दे. जावईबापूंच्या बाजूने संमती आली तर फारच उत्तम. ही नेमणूक सक्तीची नाहीये, कोर्टाच्या मर्जीवर आहे, आणि हा माणूस कोर्टाला मदत करणार, भाची म्हणेल तेच मांडायला तो बांधलेला नसतो, हे आधीच समजून घ्या. पैशाचं म्हणाल तर 1987 च्या विधी सेवा कायद्यात महिला आणि मुलं यांना उत्पन्न न बघता मोफत वकिलाचा हक्क आहे, त्यामुळे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन विचारा, नाहीतर 15100 ला फोन लावा.

ऑस्ट्रेलियात अशा केसमध्ये कोर्ट मुलासाठी स्वतंत्र वकील नेमायचा आदेश देऊ शकतं, तो आईचाही नाही बाबांचाही नाही, आणि त्यासाठी तिथे वेगळी यंत्रणाच आहे. आपण 1992 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात सामील झालो, त्याच्या कलम 12 मध्ये मुलाचं म्हणणं थेट किंवा प्रतिनिधीमार्फत ऐकलं जावं असं लिहिलंय, पण आपल्याकडे त्यातला ‘थेट’ चालतो, ‘प्रतिनिधी’ अजून नशिबावर आहे. मला हे पटत नाही. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये मुलाच्या कुटुंबाला आपला वकील घ्यायचा हक्क कायद्यातच दिलाय, आणि इथे ज्याचं घर, शाळा, सुट्ट्या सगळं ठरणार त्याच्यासाठी मात्र अर्ज करून वाट बघायची.

आता जज ऐकतात का, तर हो, आणि तुमच्यासाठी खरा रस्ता हाच आहे. 1890 च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्टच्या कलम 17 मध्ये आहे की मूल समजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर कोर्ट ती विचारात घेऊ शकतं. वयाचा आकडा त्यात नाही. 11 वर्षांच्या मुलीशी जज सहसा चेंबरमध्ये बोलतात, आईबाबा बाहेर, वकील बाहेर. 2008 मध्ये एका केसमध्ये आईच्या मृत्यूनंतर मुलाचा ताबा आजी-आजोबांकडे की वडिलांकडे असा प्रश्न सुप्रीम कोर्टापुढे आला होता, तेव्हा न्यायमूर्तींनी मुलाला चेंबरमध्ये बोलावून स्वतः विचारलं आणि खालच्या कोर्टांनी वडिलांच्या बाजूने दिलेला निकाल फिरवला. अर्थात मुलीची इच्छा म्हणजे निकाल नव्हे, शेवटचा निकष तिचं कल्याण, तिची पसंती हा त्यातला एक भाग.

त्याआधी कोर्टाच्या काउन्सेलर मॅडम तिच्याशी बोलतील. तिथे गप्पा साध्याच असतात, शाळेचा डबा कोण भरतं, ताप आला तर रात्री कोण जागतं, बाबांकडे गेलीस की काय करता. म्हणून कृपा करून तिला काही शिकवून पाठवू नका. पाचवीतली मुलगी जेव्हा म्हणते की ‘माझा सर्वांगीण विकास आईकडेच होईल’ तेव्हा समोरच्याला लगेच कळतं की हे वाक्य कुठल्या अर्जातून उचललंय, आणि मग तिचं खरं बोलणंही संशयात जातं. आणि प्रत्येक तारखेला तिची शाळा बुडवून कोर्टात नेऊ नका, बोलावलं तरच न्या, त्या कॉरिडॉरमध्ये मुलांनी तासन्‌तास बसण्यासारखं काही नसतं.

भाचीला तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र द्या हां. सांगा की तुझा वेगळा वकील सध्या नाहीये, पण जजसाहेब स्वतः तुला विचारू शकतात, आणि आई हवी की बाबा हे तुला निवडून द्यायचं नाहीये, तुला काय आवडतं, कशाची भीती वाटते एवढं सांगितलंस तरी पुरे.

प्रश्न: माझा मुलगा (14) मागच्या महिन्यात जजसाहेबांशी चेंबरमध्ये बोलून आला. घरी विचारलं तर गप्प बसतो. तो काय बोलला हे मला कळू शकतं का?
– एक बाबा, कल्याण

उत्तर: मुलाला विचारणं आजच थांबवा. तो गप्प बसतोय कारण तुम्हाला आणि त्याच्या आईला, दोघांनाही दुखवायचं नाहीये त्याला. जजशी झालेलं बोलणं बऱ्याचदा शब्दशः बाहेर येत नाही, निकालात त्याचा सारांश येतो तेवढाच. काउन्सेलरचा रिपोर्ट कोर्टाने मागवला असेल तर तो बघायला मिळतो का हे तुमच्या वकिलांकरवी अर्ज देऊन विचारा, मुलाकडून काढून घेऊ नका. आणि निकाल मनासारखा नाही आला तरी कस्टडीचा आदेश कायमचा दगडावर कोरलेला नसतो, परिस्थिती बदलली तर त्याच कोर्टात बदल मागता येतो.

(पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना मुलांची नावं, शाळा आणि केस नंबर लिहू नका, वय आणि गाव पुरे.)