मॅटर्निटी लीव्हमध्ये राजीनामा दिला, तर साठलेल्या सुट्ट्यांच्या पैशांचं काय?

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात आठवड्याचे पाच दिवस काम करते. पगार वर्षाला 31,200 पौंड. सुट्टी बँक हॉलिडे (सार्वजनिक सुट्ट्या) धरून वर्षाला 28 दिवस, आणि सुट्ट्यांचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. 1 सप्टेंबर 2025 पासून मी मॅटर्निटी लीव्हवर आहे. त्याआधी बँक हॉलिडेसकट 15 दिवस सुट्टी झाली होती. पहिले तीन महिने कंपनीने पूर्ण पगार दिला. बाळाला सांभाळायला घरी कोणी नाही आणि नर्सरीचा खर्च झेपत नाही, म्हणून 31 मे 2026 ला, मॅटर्निटी पे संपतो त्या दिवशी, नोकरी सोडायचा विचार आहे. एचआर म्हणते, गेल्या वर्षीच्या सुट्ट्या डिसेंबरमध्येच गेल्या, यंदा तुम्ही एक दिवसही काम केलेलं नाही, त्यामुळे हॉलिडे पे नाही. फार तर मॅटर्निटी पेच्या दराने थोडे देऊ. आणि परत येणार नसाल तर मॅटर्निटीचे सगळे पैसे परत करा. खरंच असं असतं का?

उत्तर : नाही. एचआरने सांगितलेल्यापैकी फक्त शेवटच्या मुद्द्यात थोडं तथ्य असू शकतं. बाकी सगळं चूक आहे, आणि यात तुमचे जवळजवळ तीन हजार पौंड अडकले आहेत.

मॅटर्निटी लीव्हवर असताना तुमची नोकरी चालूच असते. त्यामुळे हक्काची सुट्टीही रोज साठत राहते, तुम्ही ऑफिसात असा वा घरी. वर्किंग टाइम रेग्युलेशन्स 1998 प्रमाणे वर्षाला 5.6 आठवडे, म्हणजे पाच दिवस काम करणाऱ्याला 28 दिवस, ही किमान सुट्टी आहे. नोकरी संपताना त्यातली जी शिल्लक असेल तिचे पैसे मालकाला द्यावेच लागतात. राजीनामा तुम्ही दिलात की त्यांनी काढून टाकलं, यानं फरक पडत नाही.

गेल्या वर्षीच्या 13 दिवसांबद्दल एचआर ठाम आहे, पण तिथेच ती सगळ्यात जास्त चुकते आहे. मॅटर्निटी लीव्ह आणि वार्षिक सुट्टी एकाच वेळी घेता येत नाही. 2004 साली युरोपियन कोर्टाने स्पेनमधल्या एका कामगार स्त्रीच्या खटल्याचा निकाल दिला. कारखान्याची ठरलेली सुट्टी नेमकी तिच्या बाळंतपणाच्या रजेत आली होती. कोर्टाने सांगितलं, तिला वार्षिक सुट्टी वेगळ्या वेळी मिळालीच पाहिजे. बाळंतपणातून सावरणं आणि कामातून विश्रांती या दोन निरनिराळ्या गरजा आहेत. ब्रिटनच्या नियमांत 1 जानेवारी 2024 पासून हे स्पष्ट लिहिलेलं आहे. मॅटर्निटी लीव्हमुळे जी सुट्टी घेता आली नाही ती पुढच्या वर्षात ओढता येते, सगळीच्या सगळी. तुम्ही सप्टेंबर ते डिसेंबर रजेवर होता, तेव्हा ते 13 दिवस घेणार कधी होता? "रजेवर जाण्याआधी घ्यायच्या होत्या" असं आता कंपनी म्हणू लागली, तर तसं तेव्हा लेखी कळवलं होतं का, ते दाखवायला सांगा.

आता हिशोब. 1 जानेवारी ते 31 मे या काळाचे 28 पैकी साधारण 11.6 दिवस होतात. मागचे 13 मिळवून 24.6. तुमचा आठवड्याचा पगार 600 पौंड, म्हणजे दिवसाला 120. एकूण सुमारे 2,950 पौंड, त्यातून टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स कापला जाईल. दर नेहमीच्या पगाराचाच लागतो. मॅटर्निटी पेच्या दराला इथे काही आधार नाही. आणखी एक गोष्ट बघून ठेवा. यंदा नवीन वर्षाचा दिवस, गुड फ्रायडे, ईस्टर मंडे आणि मे महिन्यातले दोन बँक हॉलिडे तुमच्या रजेत येतात. पुष्कळ कंपन्या ते "घेतलेली सुट्टी" म्हणून परस्पर वजा करतात. तुमच्या हिशोबात ते वजा होता कामा नयेत. पाच दिवस म्हणजे 600 पौंड.

पैसे परत करण्याचं. कायद्याने ठरलेला स्टॅच्युटरी मॅटर्निटी पे, म्हणजे पहिले 6 आठवडे सरासरी पगाराच्या 90 टक्के आणि पुढचे 33 आठवडे ठरावीक दराने, कोणीही परत मागू शकत नाही. तुम्ही कामावर परत गेलात किंवा नाही, तो तुमचाच. कंपनीने त्याच्यावर जी भर घालून पूर्ण पगार दिला, तेवढी भर मात्र परत मागता येते, तीही करारात किंवा तुम्ही मान्य केलेल्या पॉलिसीत तसं कलम असेल तरच. हॉलिडे पेमधून ती रक्कम कापून घ्यायला करारात तसं कलम किंवा तुमची आधीची लेखी संमती लागते. एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्ट 1996 तसं सांगतो. म्हणून आधी करार काढून ते कलम शब्दन् शब्द वाचा. कलम निघालंच, तर हप्ते मागा. बहुतेक वेळा मिळतात.

तारखेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मला ती महत्त्वाची वाटते. 31 मेलाच का सोडता? तुमची 52 आठवड्यांची रजा 30 ऑगस्टपर्यंत आहे. शेवटचे तीन महिने पगार नसला तरी सुट्टी साठतच राहते: आणखी सुमारे 7 दिवस, म्हणजे 840 पौंड. शिवाय तोवर नोकरी हातात राहते. मधल्या काळात कमी दिवस काम करण्याचा, म्हणजे फ्लेक्झिबल वर्किंगचा, अर्जही देऊन बघता येईल. कंपनीला त्यावर दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. इंग्लंडमध्ये सप्टेंबर 2025 पासून, आईवडील दोघंही काम करत असतील तर बाळ नऊ महिन्यांचं झाल्यावर पुढच्या टर्मपासून आठवड्याला 30 तासांपर्यंत नर्सरीचा खर्च सरकार उचलतं. मात्र दोघांच्याही व्हिसावर "नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स", म्हणजे सरकारी मदत घेता येणार नाही, अशी अट असेल, तर ही सोय मिळत नाही.

एचआरशी फोनवर बोलणं आता थांबवा. ईमेल करा, आणि त्यात एवढंच लिहा: "माझी नोकरी अमुक तारखेला संपल्यास 2025 मधली ओढलेली आणि 2026 मध्ये साठलेली अशी एकूण किती दिवसांची सुट्टी शिल्लक धरली आहे, आणि दिवसाचा दर किती लावला आहे, ते लेखी कळवावे." हा ईमेल राजीनाम्याच्या आधी जाऊ द्या. शेवटच्या पगारात पैसे आले नाहीत, तर पैसे मिळायला हवे होते त्या दिवसापासून तीन महिने उणे एक दिवस इतक्या मुदतीत एकास (Acas) या नोकरीतले तंटे सोडवणाऱ्या सरकारी संस्थेकडे अर्ली कन्सिलिएशनसाठी, म्हणजे खटल्याआधीच्या तडजोडीसाठी, नोंद करा. ती फुकट असते, आणि तिच्याशिवाय एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे नोकरीच्या तंट्यांच्या न्यायालयात, जाता येत नाही. ट्रायब्युनललाही फी नाही.

तुम्ही व्हिसाबद्दल काहीच लिहिलेलं नाही. कायमचा वास्तव्याचा हक्क असेल, किंवा पतीच्या व्हिसावर डिपेंडंट असाल, तर राजीनाम्याने तिथे काही बिघडत नाही. पण याच कंपनीने तुम्हाला स्किल्ड वर्कर म्हणून स्पॉन्सर केलं असेल, तर नोकरी संपल्यावर 10 कामाच्या दिवसांत तिला होम ऑफिसला (व्हिसा देणाऱ्या सरकारी खात्याला) कळवावं लागतं, आणि त्यानंतर व्हिसा साधारणपणे 60 दिवसांवर आणला जातो. पती आणि बाळ तुमच्यावर डिपेंडंट असतील तर त्यांचाही. तसं असेल, तर इमिग्रेशन सल्लागाराला भेटेपर्यंत राजीनामा पाठवू नका.