वाचकांचे प्रश्न : टास्मानियातला महाकाय क्रेफिश

प्रश्न : टास्मानियातल्या महाकाय क्रेफिशला पकडायला १९९८ पासून बंदी आहे. तरीही तो संकटग्रस्त कसा? आणि तो नदीत नेमका राहतो कुठे?

उत्तर : हा क्रेफिश म्हणजे ‘ॲस्टाकोप्सिस गोल्डी’, शेवंडीसारखा दिसणारा कवचधारी जीव आणि गोड्या पाण्यातला जगातला सर्वांत मोठा अपृष्ठवंशी प्राणी. मूळ वस्ती ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटाच्या उत्तरेकडे बास सामुद्रधुनीला मिळणाऱ्या बहुतेक नद्यांत आणि आर्थर नदीच्या खोऱ्यात. मोठे क्रेफिश संथ, खोल डोहात बुडालेल्या ओंडक्यांच्या आडोशाला राहतात. कुजकं लाकूड हेच त्यांचं मुख्य अन्न, त्यामुळे नदी ‘साफ’ करायला ओंडके उपसणं म्हणजे घर आणि जेवण दोन्ही काढून घेणं. पाणी थंड लागतं, साधारण १८ अंशांच्या आत.

पिल्लांची गोष्ट वेगळी. ती उथळ, खळाळत्या ओहोळात दगडाखालच्या पोकळीत लपतात. काठावरची झाडं तुटली की माती वाहून येते, पोकळी गाळाने बुजते आणि पिल्लू उघड्यावर पडतं. वरून सावलीही जाते, पाणी तापतं. मासेमारीची बंदी हे थांबवू शकत नाही.

त्यात वाढ अतिशय सावकाश. मादी वयात यायला सुमारे १४ वर्षं, नराला ९. शिवाय मादी दोन वर्षांतून एकदाच अंडी घालते. चोरट्या शिकाऱ्याने एक मोठी मादी उचलली, तर तेवढी दुसरी तयार व्हायला दीड दशक लागतं. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ही जात ‘संकटग्रस्त’ आहे, ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय कायद्यात मात्र एक पायरी खाली, ‘असुरक्षित’.