लातूरहून गोव्याला जाऊन बुडालेल्या जहाजावर स्कूबा केलं, तर त्याच संध्याकाळी गाडीने परत निघता येतं का?

नका निघू. डाइव्हनंतर लगेच विमानात बसू नये हा नियम सगळ्यांना माहीत असतो, पण तोच घाट चढतानाही लागू होतो हे कुणी धरत नाही. वाटेतली आंबोली सुमारे 700 मीटर उंच, आपलं लातूरही 600च्या वरच. पाण्यात दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू निघतो. त्याआधीच वर चढलात तर हवेचा दाब घटून त्याचे बुडबुडे होतात. सांधे ठणकतात, मुंग्या येतात. एकच साधी डाइव्ह झाली असेल तर किमान 12 तास, दोन-तीन झाल्या असतील तर 18 तास किनाऱ्यावरच मुक्काम करा. जेवा, झोपा, मग निघा.

जहाजाचं म्हणाल तर गोव्याच्या ग्रँड बेटाजवळचं नवशिक्यांना झेपतं, पण बाहेरूनच बघायचं. आत गाळ असतो. फिनचा (पायात घालायच्या पोहण्याच्या पंखाचा) एक फटका बसला की स्वतःचा हात दिसत नाही, मग दार कुठलं सापडणार? गंजलेल्या पत्र्याला हात लावू नका. अडकलेलं जाळं कापायला छोटा कटर छातीपाशी, दोन्ही हात पोचतील असा लावा. पोटरीला बांधलेली सुरी ऐनवेळी हाती लागत नाही.

पावसाळ्यात जाऊच नका. ऑक्टोबर ते मे हा हंगाम.