पब राहील, पण संगीत राहील का?

प्रश्न : उत्तर इंग्लंडमधील आमच्या वस्तीत एक जुना पब आहे. तेथे दर गुरुवारी लोकसंगीताची बैठक भरते आणि शनिवारी मागच्या दालनात बँड वाजतात. इमारतीच्या मालक कंपनीने मागचे दालन पाडून तेथे आणि वरच्या मजल्यांवर फ्लॅट बांधण्यासाठी कौन्सिलकडे अर्ज केला आहे. तळमजल्यावर छोटा बार ठेवू, असे त्यात म्हटले आहे. पब चालवणारे दांपत्य भाडेकरू असून त्यांचा करार पुढील वर्षी संपतो. आम्ही चौदाशे सह्या गोळा केल्या आहेत. एवढ्याने पब वाचेल का?

उत्तर : सह्यांमुळे नगरसेवकांचे लक्ष वेधले जाते, परंतु निर्णय सह्या मोजून होत नाही. 2004 च्या नियोजन कायद्याच्या कलम 38(6) नुसार, अन्य ग्राह्य कारण नसेल तर अर्जाचा निर्णय स्थानिक विकास आराखड्याला धरूनच द्यावा लागतो. म्हणून आपल्या कौन्सिलच्या आराखड्यात सामुदायिक सुविधा, सांस्कृतिक स्थळे आणि पब यांविषयी कोणती धोरणे आहेत ते प्रथम पाहावे आणि त्यांचा क्रमांकासह उल्लेख करून प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत, मुदतीच्या आत लेखी हरकत नोंदवावी. कंपनी नफेखोर आहे, आपल्या घरांच्या किमती उतरतील किंवा त्या दांपत्यावर अन्याय होत आहे, हे मुद्दे कितीही खरे असले तरी नियोजन अधिकारी ते बाजूला ठेवतील.

23 मे 2017 पासून इंग्लंडमध्ये पब पाडण्यासाठी किंवा त्याचा वापर बदलण्यासाठी नियोजन परवानगी घ्यावीच लागते. त्यापूर्वी पबचे दुकान करायला बहुतेक वेळा विचारावेही लागत नसे. राष्ट्रीय नियोजन धोरणातही पबचा सामुदायिक सुविधांमध्ये नावानिशी उल्लेख असून अशा सुविधा विनाकारण नष्ट होऊ नयेत, असे म्हटले आहे. आपल्या प्रकरणातील अडचण मात्र वेगळी आहे. कंपनी पब बंद करतो असे म्हणतच नाही, आणि माझ्या मते अर्जाची खरी खोच तेथेच आहे. म्हणून हरकतीचा रोख ‘पब जाईल’ यावर न ठेवता ‘संगीताचे दालन गेल्यावर उरलेला बार चालेल का’ यावर ठेवावा. नकाशे मागवून तळघर, स्वयंपाकघर, सामान उतरवण्याची जागा आणि वर पबचालकांचे निवासस्थान असल्यास तेही, यांपैकी काय शिल्लक राहते ते तपासावे. शनिवारच्या कार्यक्रमांतून पबच्या उत्पन्नाचा किती भाग येतो, हे त्या दांपत्याने हिशेबासह लिहून दिले, तर तो पुरावा हजार सह्यांपेक्षा वजनदार ठरेल.

दुसरा धोका परवानगी मिळाल्यानंतरचा आहे. वर राहायला आलेल्या कुटुंबाने आवाजाची तक्रार केली आणि तो आवाज 1990 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली उपद्रव ठरतो अशी कौन्सिलची खात्री झाली, तर तिला उपद्रव थांबवण्याची नोटीस काढावी लागते. ‘आम्ही येथे आधीपासून आहोत’ हा सहसा पुरेसा बचाव होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये ‘कॉव्हेंट्री विरुद्ध लॉरेन्स’ या खटल्यात पुन्हा स्पष्ट केले. 2012 च्या लाइव्ह म्युझिक कायद्यामुळे परवानाधारक पबमध्ये रात्री अकरापर्यंतच्या संगीताला वेगळा परवाना सहसा लागत नाही, पण त्या सवलतीने उपद्रवाच्या कायद्यापासून संरक्षण मिळत नाही.

यावर उतारा म्हणजे राष्ट्रीय धोरणातील ‘एजंट ऑफ चेंज’ हे तत्त्व : जो नवे बांधकाम आणतो, त्यानेच जुन्या व्यवसायाच्या आवाजापासून नव्या रहिवाशांच्या बचावाची व्यवस्था करायची. कंपनीचा ध्वनी अहवाल मागवून मोजणी कोणत्या वारी आणि कोणत्या वेळी केली ते पाहावे. मंगळवारी दुपारी मोजलेला आवाज शनिवारच्या बँडविषयी काहीच सांगत नाही. दालन वाचले, तर ध्वनिरोधनाची अट घालण्याची, तसेच नव्या फ्लॅटधारकांवर बंधनकारक राहील असा आवाजविषयक हक्काचा करार करून घेण्याची मागणी करावी. लंडनच्या ‘मिनिस्ट्री ऑफ साउंड’ या क्लबने शेजारच्या फ्लॅटच्या प्रकल्पाबाबत 2014 मध्ये असाच करार मिळवला होता.

आता ज्या उपायाचे नाव सर्वांच्या तोंडी असते, त्याविषयी. 2011 च्या लोकॅलिझम कायद्याखाली हा पब ‘सामुदायिक मूल्याची मालमत्ता’ म्हणून नोंदवता येतो. त्या कायद्यात सामाजिक हितामध्ये सांस्कृतिक हिताचा स्पष्ट समावेश असल्याने गुरुवारच्या बैठकीची जुनी पत्रके, छायाचित्रे आणि वादकांची पत्रे येथे उपयोगी पडतील. मतदारयादीत नाव असलेल्या किमान 21 स्थानिक सदस्यांचा गट, मग तो नोंदणीकृत नसला तरी, अर्ज करू शकतो. कौन्सिलने आठ आठवड्यांत निर्णय देणे अपेक्षित असते आणि नोंद पाच वर्षे टिकते. पण मालक विकायला निघाला, तरच विक्रीवर प्रथम सहा आठवड्यांचा आणि एखाद्या सामुदायिक संस्थेने बोली लावण्याची इच्छा कळवल्यास एकूण सहा महिन्यांचा थांबा लागू होतो. त्यानंतरही आपल्यालाच विकण्याची सक्ती त्याच्यावर नसते. येथे कंपनी विकत नसून स्वतःच बांधत आहे, त्यामुळे थांबा लागूच होणार नाही. तरीही नोंद करावी, कारण अर्जाचा निर्णय देताना ती ग्राह्य मुद्दा म्हणून मांडता येते आणि परवानगी नाकारली गेल्यास कंपनी इमारत विकायला काढू शकते. मात्र सहा महिन्यांचा थांबा अनौपचारिक गटाला मागता येत नाही, म्हणून सामुदायिक लाभ सोसायटी किंवा तत्सम संस्था आताच नोंदवावी. लंडनमधील नन्हेड येथील ‘आयव्ही हाउस’ हा संगीतासाठी ओळखला जाणारा पब रहिवाशांनी याच कायद्याच्या आधारे विकत घेऊन 2013 मध्ये पुन्हा सुरू केला.

भाडेकरारासाठी त्या दांपत्याने स्वतंत्र वकील नेमावा. आपल्या समितीचे हित आणि त्यांचे हित प्रत्येक टप्प्यावर एकच असेल असे नाही. 1954 च्या घरमालक व भाडेकरू कायद्याचे संरक्षण करारातून वगळलेले नसेल, तर मुदत संपली म्हणून त्यांना बाहेर काढता येत नाही. मालकाला पुनर्विकासाचा खरा हेतू सिद्ध करावा लागतो, आणि हे कारण मान्य झाल्यास भाडेकरूला वैधानिक भरपाई मिळते. भरपाई घेऊन निघून जाणे त्यांना सोयीचे वाटले, तर त्यांना दोष देता येणार नाही.

परवानगी दिली गेल्यास हरकतदारांना अपिलाचा हक्क नाही. तो फक्त अर्जदाराला असतो. निर्णयप्रक्रियेत कायद्याची चूक झाली असेल, तर न्यायालयीन पुनर्विलोकनाचा मार्ग उरतो, पण त्यासाठी निर्णयापासून सहाच आठवडे मिळतात आणि खर्च मोठा असतो. त्यामुळे अधिकाऱ्यांचा अहवाल प्रसिद्ध होताच तो नियोजन कायद्याच्या जाणकार वकिलाला दाखवावा आणि त्यात आराखड्यातील एखादे धोरण किंवा ध्वनीचा मुद्दा सुटलेला आढळल्यास कौन्सिलच्या नियोजन समितीची बैठक होण्यापूर्वीच तसे लेखी कळवावे.