झेंडे रंगवून झाले, पुढं काय?

प्रश्न : आमच्या शाळेत दरवर्षी ‘जागतिक संस्कृती दिन’ होतो. मुलं झेंडे रंगवतात, वेश करतात, फोटो निघतात. आठ दिवसांनी विचारलं तर कुणाला काही आठवत नाही. यंदा सातवीकडून वेगळं काय करून घेऊ?
– एक वर्गशिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : झेंडे राहू द्यात, मॅडम, आधी आपल्या कोल्हापूरजवळचं वळिवडं गाव घ्या. १९४३ ते १९४८ या काळात तिथं सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यात बायका-मुलंच जास्त. सोव्हिएत राजवटीनं त्यांना सायबेरियाकडं हद्दपार केलं होतं. तिथून इराणमार्गे ते इकडं आले. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. पुढं त्याच परिसरात फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं वसली. आपण बस्ता बांधायला जातो ते गांधीनगर हेच!

चार तासिका पुरतात. पहिलीत जगाच्या नकाशावर दोन रंगांचे दोरे लावा : एक पोलंड-सायबेरिया-इराण-वळिवडे, दुसरा सिंध-गांधीनगर. दुसरीत पाच-पाच जणांच्या गटांनी प्रश्न काढावेत. तिसरी महावीर उद्यानातल्या पोलिश स्मारकापाशी घ्या. चौथीला गांधीनगरातल्या एखाद्या आजी-आजोबांना वर्गात बोलवा. प्रश्न त्यांना दोन दिवस आधी दाखवा. ‘काय काय गमावलं?’ असं थेट विचारलं की माणूस गप्प होतो. घरात कुठली भाषा बोलता, सणाला काय करता, इथून सुरुवात केली की बाकीचं आपोआप येतं.

पोलंडमधल्या शाळेशी व्हिडिओ कॉल करणार असाल तर घोटाळा घड्याळात होतो. उन्हाळ्यात आपण त्यांच्यापुढं साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. त्यांची घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. त्यांचे सकाळचे दहा म्हणजे सप्टेंबरात आपले दीड, नोव्हेंबरात अडीच. जुलै-ऑगस्टमध्ये त्यांना सुट्टी असते. आणि चाळीस मुलं एका पडद्यासमोर बसवू नका, नुसता गलका होतो. आधी पत्रं जाऊ द्यात.

प्रश्न : शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणाऱ्या बिहारी कुटुंबातली मुलगी पाचवीत आली आहे. दाखला नाही, मराठी येत नाही.

उत्तर : दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं वयाप्रमाणे वर्ग द्यायचा असतो. भाषेसाठी तिला बडबड्या मुलींजवळ बसवा, पण दुभाषी म्हणून रोज एकीलाच जुंपू नका. त्या दुभाषी मुलीचाच अभ्यास बुडतो. नव्या मुलीला फळ्यावर पहिलं बोलवायचं ते गणिताला.