राजकारण्यांवरचा विश्वास उडालाय. नेता नसलेलं लोकांचं आंदोलन खरंच चालतं का?

चालतं. तहाला बसायची वेळ येईपर्यंत तर झकास चालतं.

२०१७ चा शेतकरी संप घ्या. कर्जमाफीसाठी नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या ग्रामसभेत ठराव झाला, १ जूनपासून शहरांकडे दूध-भाजीपाला पाठवायचा नाही. ना पक्ष, ना झेंडा. आमचं गाव नाशिकच्या निफाड तालुक्यातलं. व्हॉट्सअॅपवर निरोप फिरला, तेवढा पुरला. दूध डेअरीला घातलं नाही, वस्तीवर वाटलं, उरलेल्याचा खवा केला. आमचे दाजी एका पक्षाचे पदाधिकारी. आदल्या रात्री जेवता जेवता म्हणाले, "वरून आदेश नसला की असली खुळं दोन दिवसांत विरतात."

३ जूनला पहाटे टीव्हीवर बातमी: मुख्यमंत्र्यांशी रात्री चर्चा झाली, संप मागे. मागे घेणारे कोण? त्यांना आमच्या गावानं पाठवलं नव्हतं, शेजारच्यानंही नाही. दाजींचा फोन आलाच. "बघ, म्हटलं नव्हतं?"

पुढचं मात्र ते कधीच सांगत नाहीत. नाशिककडच्या शेतकऱ्यांनी तो समझोता धुडकावला. ५ जूनला महाराष्ट्र बंद झाला, मग शेतकऱ्यांच्या वतीनं बोलणी करायला सुकाणू समिती बसली आणि ११ जूनला सरकारनं कर्जमाफी मान्य केली. 'तत्त्वतः' आणि 'निकषांसह', हे शब्द तेव्हापासून आमच्याकडे शिवीसारखे वापरतात. २४ जूनला ३४ हजार कोटींचा आकडा आला, थकबाकीदाराला दीड लाखापर्यंत माफी. वेळेवर हप्ते भरणाऱ्या आमच्यासारख्यांना जास्तीत जास्त २५ हजार. म्हणजे थकवलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणून आंदोलन करणार असाल तर नेता नेमू नका, पण बोलणी कोण करणार ते पहिल्याच बैठकीत लिहून घ्या. आणि त्यांनी परत येऊन सगळ्यांना विचारल्याशिवाय सही करायची नाही. हे ठरलं नसेल तर सरकार आपल्याला हवा तो माणूस शोधतं आणि त्यालाच तुमचा प्रतिनिधी म्हणतं.

आता खरं सांगायचं तर सुकाणू समितीत राजू शेट्टी, बच्चू कडू असे मुरलेले लोक होतेच, एक खासदार, एक आमदार. तेव्हा 'निव्वळ नागरिकांचं' वगैरे फार ताणू नका.

पण दाजी हल्ली प्रत्येक लग्नात "कर्जमाफी आमच्या साहेबांनी आणली" म्हणतात. १ जूनला बाजार समितीच्या गेटवर त्यांच्या पक्षाचा एक माणूस दाखवा म्हणावं, मी भर मांडवात माफी मागतो.