खजुरानं रक्त वाढतं का?

प्रश्न : ताई, माझी मुलगी १९ वर्षांची. हिमोग्लोबिन ९ आलंय. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात, पण त्या घेतल्या की तिला मळमळतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, गोळ्या बंद कर, रोज दहा खजूर दे. चालेल का?
– एक आई, राजारामपुरी

उत्तर : काकूंचा जीव चांगला, पण हिशोब चुकला. १०० ग्रॅम खजुरात लोह असतं जेमतेम १ मिलिग्रॅम. आपल्याकडचा साधा खजूर बियांशिवाय सातआठ ग्रॅमचा धरला, तर दहा खजुरांतून मिळालं पाऊण मिलिग्रॅम. मुलीच्या वयाच्या बाईला राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये सांगितलेली रोजची गरज आहे २९ मिलिग्रॅम! आणि त्या दहा खजुरांबरोबर साधारण ५० ग्रॅम साखर पोटात जाते, म्हणजे चहाचे दहा चमचे. खजूर काळा दिसतो म्हणून रक्त वाढवतो, हा समज आपल्याकडे फार जुना आहे.

गोळ्या मनानं बंद करू नका. मळमळतं हे डॉक्टरांना सांगा. जेवणानंतर किंवा रात्री घ्यायला सांगतील, नाहीतर गोळी बदलून देतील. गोळी चहा किंवा दुधाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर चालेल. शौचाला काळं होतं, त्यानं घाबरू नका. पाळीत अंगावरून जास्त जात असेल तर तेही सांगा. गळकी घागर किती भरणार?

घरात मटण होत असेल तर एक बघा. बऱ्याच घरांत पोरी तांबडा-पांढरा रस्सा ओरपतात आणि फोडी जातात बाप्यांच्या ताटात. लोह रश्शात नाही हो, फोडीत आहे, काळजात त्याहून जास्त. शाकाहारी असाल तर मटकीची उसळ, हरभरे, पालेभाजी आणि वर लिंबू पिळा. जेवणावर लगेच चहा नको. खजूर द्या की दोन-तीन, पण बिस्किटाच्या पुड्याऐवजी.

प्रश्न : वय ६१. तरुणपणी तालमीत होतो, खारीक-बदाम घोटून दूध प्यायलेला माणूस. आता साखर निघालीय. चहातली साखर सोडली. रंकाळ्यावर फिरून आलं की सहा-सात खजूर आणि रात्री दुधात खारीक घेतो. मित्र म्हणतात, ही नैसर्गिक साखर, ती बाधत नाही.
– एक वाचक, गंगावेश

उत्तर : दादा, मित्रांना म्हणावं, गूळही उसाचाच असतो! खजुराच्या वजनात दोन तृतीयांशाच्या आसपास साखरच असते, बहुतेक ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. तंतू आहेत, १०० ग्रॅममागे सात-आठ ग्रॅम, त्यामुळे ती साबुदाणावडा किंवा चहातल्या साखरेपेक्षा जरा सावकाश चढते. पण चढते. सहा-सात खजुरांवर रात्री खारीक म्हणजे सोडलेली साखर मागच्या दारानं घरात आली.

खारीक काही वेगळं फळ नव्हे. पुरता न पिकलेला खजूर उकळून उन्हात वाळवतात, ती खारीक. पाणी कमी, म्हणून वजनाला साखर जास्तच. तालमीत ती पचायची, कारण जोर-बैठका आणि मातीतली मेहनत होती. रंकाळ्याला एक फेरी आणि मग कट्ट्यावर गप्पा, एवढ्यावर ती खुराकी झेपत नाही.

साखर ताब्यात असेल तर दोन लहान खजूर, मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांबरोबर. दोनांतून साधारण १२ ग्रॅम कर्बोदकं येतात, तेवढी भाकरी त्या दिवशी कमी करा. खाल्ल्यावर दोन तासांनी साखर तपासा. यंत्र सांगेल ते माझ्यापेक्षा खरं. एक मात्र विचारून ठेवा : क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कशी चालतात ते दाखवणारी रक्ततपासणी) कसं आहे? खजुरात पोटॅशियम केळ्याच्या जवळजवळ दुप्पट असतं. एरवी ते चांगलं, पण मूत्रपिंडं थकली असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खजूर खाऊ नका.

प्रश्न : लक्ष्मीपुरीतून आणलेल्या खजुरावर पांढरे डाग दिसतात. टाकून द्यावा का?
– एक गृहिणी, कसबा बावडा

उत्तर : एक खजूर कोमट पाण्यात टाका. डाग विरघळला तर ती वर आलेली साखर, खुशाल खा. तंतुमय, लोकरीसारखा असेल किंवा आंबूस वास आला, तर बुरशी. प्रत्येक खजूर उभा फोडून आत बघायची सवय लावा, आत कीड किंवा काळी भुकटी निघते कधीकधी. फार चकाकणारा घेताना वेष्टनावरचं बारीक अक्षर वाचा, काहींवर ग्लुकोजचा पाक चढवलेला असतो. उरलेला घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये.